न पिकवल्याचं अनुदान

तिला सगळे खमकी म्हणत, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत. लग्न होऊन आली त्याच वर्षी ती पहिल्यांदा एकटी, सासऱ्यांनी दुसऱ्याच्या रानात पिकवलेली गाजरं घेऊन बाजारात गेली होती. तोलणाऱ्याने पोतं काट्यावर चढवलं आणि नेहमीच्या सवयीने पारड्याखाली हळूच अंगठा लावला. बाकीचे शेतकरी हे रोज बघत आणि रोज दुसरीकडे बघत. तिने पुढे होऊन त्याचा अंगठा दोन बोटांत धरला, बाजूला केला आणि म्हणाली, "राहू द्या भाऊ, आमची गाजरं स्वतःच्या पायावर उभी राहतात." सगळा बाजार हसला. तोलणाराही हसला, पण त्यानंतर तिच्या पोत्याला त्याने कधी अंगठा लावला नाही. घरी येईपर्यंत नाव तिच्याआधी पोचलं होतं.

तिचा नवरा पंपदुरुस्तीचं काम करायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. बोलणं कमी, हात चालू. बायकोबद्दल कोणी काही विचारलं तर एवढंच म्हणायचा, की माझ्या दुकानातला एकही पंप इतक्या दाबाने पाणी फेकत नाही. हे तो कौतुकाने म्हणायचा की वैतागून, ते विचारणाऱ्याने ठरवायचं.

स्वतःची जमीन त्यांच्याकडे नव्हतीच. ओढ्यापलीकडे एका म्हाताऱ्या मालकांचा तुकडा होता, काट्यांनी आणि दगडांनी भरलेला. म्हातारा-म्हातारी दोघंच, मूलबाळ नाही. खमकीने जाऊन विचारलं, मी कसू का? म्हातारे म्हणाले, "पोरी, तिथे शेळीसुद्धा पोट भरून परत येत नाही. घे, तुला जमत असेल तर." खंड ठरला तो तोंडी. वर हंगामाला एक पोतं गाजरं द्यायची, तीही मऊ, कारण म्हाताऱ्यांना चावता येत नव्हतं.

पहिली दोन वर्षं तिने पीक काढलं म्हणण्यापेक्षा दगड काढले म्हणणं बरोबर होईल. नवरा-बायको पाट्या भरभरून दगड बांधावर टाकत. त्या दगडांची कंबरभर उंचीची भिंत झाली. शेणखत, पालापाचोळा, कोबीची पानं, जे मिळेल ते ती मातीला घालायची. हळूहळू माती काळी पडत गेली, मग भुसभुशीत झाली, आणि मग एका वर्षी गाजरं सरळ निघाली. शेतकऱ्याला विचारा, सरळ गाजर म्हणजे काय ते. खाली एक खडा असला तरी गाजराला दोन पाय फुटतात आणि व्यापारी ते बाजूला फेकतो. तिची गाजरं काढली की सरळसोट यायची. मग बीट आलं, कोबी आला. एकोणीस वर्षं ती तो तुकडा कसत होती. दर वर्षी त्यातली एक पट्टी आळीपाळीने मोकळी सोडायची. बाई बाळंत झाली की तिलाही विसावा देतात, मग हिला नको का, असं तिचं म्हणणं.

म्हातारे गेले, म्हातारी त्यांच्या आधीच गेली होती. जमीन भाच्याकडे आली. भाचा शहरात दातांचा डॉक्टर. तो एकदा पांढरे बूट घालून शेत बघायला आला, बांधावरूनच बघितलं, फोटो काढले आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही करताय तसंच चालू ठेवा. मला यातलं काही कळत नाही." खंड वाढवला नाही. वागायला नम्र. तो माणूस वाईट नव्हता, हेच तर पुढे सगळ्यांत जास्त दुखलं. वाईट माणसाचा राग करायला सोपं असतं.

त्याच सुमाराला सरकारने नवी योजना काढली. जमिनीखालचं पाणी खोल गेलं होतं, माती थकली होती, म्हणून ठरलं, की जो शेत तीन वर्षं पडीक ठेवील त्याला अनुदान मिळेल. योजनेचं नाव मोठं होतं, स्थानिक कृषी उत्पादक साहाय्य योजना. खमकीला ती बातमी ऐकून बरंच वाटलं. सरकारला उशिरा का होईना शहाणपण आलं, असं ती सुनेला म्हणाली. कोणी विचारायला आलं तर अर्धा तुकडा आपण ठेवू पडीक, असाही हिशेब तिने मनात करून टाकला. विचारायला येतील ते कसणाऱ्याकडेच येतील, याबद्दल तिला शंका नव्हती. दुसऱ्या कोणाकडे जातील?

फोन आला तो डॉक्टरांचा. पुढच्या हंगामापासून जमीन त्या योजनेत जाणार होती. आताचा कोबी काढून घ्या, काही घाई नाही, असं त्यांनी समजुतीने सांगितलं. आणि एक छोटंसं काम होतं. अनुदानाचा दर सगळ्यांना सारखा नव्हता. मागच्या पाच वर्षांत जमिनीने किती पीक दिलं त्यावर तो ठरणार होता. जेवढी जमीन चांगली तेवढे जास्त पैसे. त्याला पुरावा म्हणून माल विकल्याच्या पट्ट्या जोडायच्या होत्या. पट्टी म्हणजे बाजारात मिळते ती चिठ्ठी: माल किती, भाव काय, विकणाऱ्याचं नाव काय. त्या पट्ट्या डॉक्टरांकडे कुठून असणार? त्या खमकीकडे होत्या, तिच्या नावाच्या.

"पाठवून द्याल ना मावशी?" डॉक्टर म्हणाले.

ती म्हणाली, येते आणि बोलते.

मावशी हा शब्द तिला तेव्हापासून टोचायला लागला. ती नवऱ्याला म्हणाली, परका माणूस मावशी म्हणाला की समजावं, काहीतरी मागायला आलाय.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात जाऊन बसली. बाहेरच्या खोलीत गाल धरून बसलेली माणसं, भिंतीवर हसणाऱ्या बाईचं चित्र, कपाटात प्लॅस्टरच्या कवळ्यांच्या रांगा. तिचा नंबर दोन पेशंटच्या मधे लावला होता. आत गेली तर बसायला दुसरं काही नाही, पेशंटची ती लांबलचक खुर्ची तेवढी. तिच्यावर ती टेकली आणि खुर्ची आपोआप मागे कलली. डोक्यावर दिवा, बाजूला चूळ भरायचं भांडं, आणि डॉक्टर हातमोजे काढत उभे. आपलं म्हणणं मांडायला आलेल्या माणसाला आडवं पाडूनच ऐकायची ही तऱ्हा बरी आहे, असं तिच्या मनात आलं. ती उठून खुर्चीच्या कडेवर ताठ बसली.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. दवाखान्याची यंत्रं कर्जावर घेतली होती. खंडातून या खुर्चीचा हप्तासुद्धा निघत नव्हता. योजनेत पैसा नक्की होता, पाऊसपाण्याची भानगड नव्हती. आणि नियमाप्रमाणे पडीक जमिनीवरचं तण वर्षातून दोनदा कापावं लागणार होतं, नाहीतर बी उडून शेजारच्या शेतात जातं.

"ते काम मी तुम्हालाच देईन," डॉक्टर म्हणाले. "बाहेरच्या माणसाला कशाला?"

तिला क्षणभर कळेना, हा माणूस थट्टा करतोय की काय. पण त्याच्या चेहऱ्यावर तर मदत केल्याचं समाधान होतं.

"म्हणजे बघा," ती म्हणाली, "मी जिथे गाजरं काढली, तिथे आता मी गवत कापायचं. त्याची मला मजुरी. आणि गाजरं न काढल्याचे पैसे तुम्हाला."

"मी नियम केला नाही, मावशी."

"नाही केलात. पण माझ्या पट्ट्या मागायला नियम आला नाही, तुम्ही आलात."

डॉक्टरांनी नवे हातमोजे उचलले. बाहेर पुढचा पेशंट कण्हत होता. विचार करून सांगते म्हणून ती निघाली. 

घरी पट्ट्या दाराआडच्या खिळ्याला, एका वाकवलेल्या तारेत ओवलेल्या असायच्या. रोज त्या दाराने ये-जा होई, पण त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाची नजर तिकडे जायला लागली. मुलगा शीतगृहात कामाला होता. त्याने सरळ सांगितलं, "आई, जमीन त्यांची आहे. कायद्याने त्यांचं बरोबर आहे."

"कायद्याने बरोबर आहे म्हणूनच तर चीड येते," ती म्हणाली. "चोरी असती तर चौकीत गेले असते. इथे कोणाकडे जाऊ?"

सून म्हणाली, देऊन टाका पट्ट्या आणि बदल्यात काहीतरी ठरवून घ्या. आपल्याला तरी त्या रद्दीचा काय उपयोग? सुनेचं बोलणं व्यवहाराचं होतं आणि खमकीला एरवी व्यवहार कळायचा. पण त्या दिवशी तिने हातातलं ताट जरा जोरात ठेवलं. रद्दी म्हणे. ज्या उन्हात पाठ सोलून निघाली ते ऊन त्या रद्दीत होतं. नवरा एका पंपाचं पातं कानशीने घासत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "तिला करायचं ते करू दे. अडवलं तर पाइप फुटेल."

तिने केलं ते असं, की कृषी कार्यालयात गेली. एकदा नाही, तीनदा. दोनदा अधिकारी बाई दौऱ्यावर होत्या. तिसऱ्यांदा भेटल्या. अधिकारी बाई वयाने लहान, डोळ्यांखाली काळं, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्या ढिगावर डबा. मागच्या भिंतीवर योजनेचं मोठं चित्र लावलेलं होतं. त्यात एक शेतकरी कुदळ खांद्यावर घेऊन हसत होता. त्याचे हात इतके मऊ, की कुदळीचीच कीव यावी.

खमकीने सगळी हकिगत सांगितली. बाईंनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "काकू, अर्जात रकाना एकच आहे. जमीनधारक."

"मग ते भिंतीवरचं नाव बदला. उत्पादक कशाला लिहिलंत? ज्याने कधी उत्पादन केलं नाही, त्याला उत्पादन न करण्याचे पैसे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "नाव वरून आलंय, काकू."

"आणि रकाना?"

"तोही वरूनच."

"मग इथून, खालून वर काय जातं?"

बाईंनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "हरकती. लेखी हरकती आल्या तर सुनावणी घ्यावी लागते. पण एकटीची हरकत कोणी वाचणार नाही. तुमच्यासारखे आणखी किती आहेत?"

तिच्यासारखे आणखी सात निघाले. सगळे दुसऱ्याची जमीन कसणारे, सगळ्यांचे मालक दुसरं काहीतरी करणारे. कोणाचा मालक वकील, कोणाचा निवृत्त इंजिनियर, कोणाचा लोखंडाचा दुकानदार. खमकी एकेकाच्या घरी गेली. तिचं सांगणं साधं होतं: पट्ट्या देऊ नका. पट्ट्यांशिवाय मालकाला सगळ्यांत खालचा दर मिळेल, मग तरी कोणाला तरी आपली आठवण होईल. काहींनी लगेच मान डोलावली. काही म्हणाले, मालकाशी वाकडं घेऊन आम्ही जाणार कुठे? बळी तो कान पिळी. एकाने तर तिला चहा पाजला, सगळं ऐकलं, आणि ती वळताच मालकाला फोन लावला.

या सातांतला शिट्टी तिला सगळ्यांत जवळचा. काम करताना तो सतत शीळ घालायचा म्हणून ते नाव. त्याचं शेत तिच्या शेताला लागून. एकमेकांचं पाणी वळवायचं, एकमेकांचं बियाणं उसनं घ्यायचं, ती त्याची वहिनी आणि तो तिचा दीर असल्यासारखाच. त्याच्याकडे ती सगळ्यांत शेवटी गेली, कारण तिथे सांगायची गरजच नाही असं तिने धरलं होतं. तो दारात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. त्याने पट्ट्या आठवड्यापूर्वीच आपल्या मालकाला, त्या लोखंडाच्या दुकानदाराला, देऊन टाकल्या होत्या. बदल्यात तण कापायचं काम आणि थोडी उचल.

खमकीने त्याला चार माणसांत धुतलं. दारासमोर रस्ता होता, येणारे-जाणारे थांबले. "तुझा घाम तू रद्दीच्या भावाने विकलास," ती म्हणाली. "आणि तुझ्याबरोबर आमचाही भाव पाडलास." तो खाली मान घालून उभा होता. एकच वाक्य बोलला, "वहिनी, तुम्ही आत येऊन बघितलं असतं तर." पण ती तोवर वळली होती. रागात माणसाला कान नसतात.

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माइक, तोही खरखरणारा. वरून मोठे साहेब आले होते. हरकती लिहून दिलेल्या पाचांपैकी चौघं आले. मागच्या रांगेत मालक मंडळी बसली होती, त्यात दातांचे डॉक्टरही होते. त्यांनी तिला ओळखीचं हसू दिलं. तिने नमस्कार केला. वैर माणसाशी नव्हतं, हे तिला स्वतःलाच सारखं बजावावं लागत होतं.

मोठ्या साहेबांनी आधी योजनेचा हेतू समजावला. पाणी वाचलं पाहिजे, माती वाचली पाहिजे. त्यात चूक काहीच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, की तुमची नेमकी हरकत कशाला आहे, पाणी वाचवायला?

खमकी उठली. माइक तिने बाजूला सारला, तिला त्याची गरज नव्हती.

"साहेब, जमीन झोपली म्हणून पैसे देताय, जरूर द्या. पण ती किती दमली होती, ते माझ्या पट्ट्यांवरून मोजताय. मग मला एवढंच सांगा, दमलं कोण होतं?"

 साहेबांनी पाण्याची बाटली उघडली, बंद केली. ती पुढे बोलत राहिली. तिने दान मागितलं नाही. ती म्हणाली, तो तुकडा मी घेतला तेव्हाच्या उत्पन्नावर दर लावा, त्या वेळी तिथे शेळीसुद्धा उपाशी यायची. तो सगळा पैसा मालकाचा, माझी काही हरकत नाही. पण त्यानंतर जे वाढलं ते आपोआप वाढलं नाही. ते वाढवणाऱ्याला तुम्ही विळा देताय आणि म्हणताय गवत काप.

मागून इंजिनियर उठले आणि म्हणाले, की हे असं बघायला गेलं तर उद्या भाडेकरू घरावर हक्क सांगेल. थोडी बोलाचाली झाली. साहेबांनी दोन्ही बाजू लिहून घेतल्या आणि गाडीत बसून गेले. डॉक्टर जाताना तिच्याजवळ थांबले. तुम्ही चांगलं बोललात, असं म्हणाले. तिला वाटलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

निकाल यायला सगळा हंगाम गेला. तोवर जमीन गेलीच. तिने शेवटचा कोबी काढला आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. बाजाराला जायचा रस्ता ओढ्यावरून होता, ती गावाला वळसा घालून जायला लागली. तण कापायला डॉक्टरांनी शहरातून यंत्रवाला आणला. त्याने एकदा कापलं, दुसऱ्यांदा आलाच नाही. कमरेएवढं गवत वाढलं.

पोटापाण्यासाठी ती भाजी निवडायच्या गोदामात लागली. दिवसभर सरकत्या पट्ट्यावरून गाजरं यायची, चांगली एका बाजूला, वाकडी दुसऱ्या बाजूला. गाजरं लांबून, ट्रक भरभरून येत. आसपासची रानं झोपली होती ना, मग गाजरं येणार कुठून? बाजारात भाव चढले. ज्या गावात गाजरं कुत्र्यालाही नको झाली होती, तिथे लोक दोन-दोन गाजरं निवडून घ्यायला लागले. तिच्या शेजारी बसणारी मुलगी एकदा म्हणाली, की काकू, तुम्ही गाजर हातात घेतलं की आधी वास का घेता? खमकीने सांगितलं, बघतेय कुठल्या मातीचं आहे. ती रोज घरी यायची ती धुमसतच. पंप दुरुस्त करायला मिस्त्रीला आता फारशी बोलावणीही येत नव्हती, कारण पडीक शेताला पंप कशाला लागतो? पडीक रानाची झळ अशी दुसऱ्याच्या ताटापर्यंत पोचते, हे त्या वरच्या लोकांच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मग परिपत्रक आलं. अधिकारी बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. उत्पन्नाचा पुरावा दुसऱ्या कसणाऱ्याच्या नावाचा असेल तर त्याची लेखी संमती लागेल, आणि अनुदानातला वाटा दोघांनी आपसात ठरवून लिहून द्यायचा. खमकीने बाईंना तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सुनेला वाटलं, काही वाईट बातमी आहे.

डॉक्टर घरी आले. या वेळी पांढरे बूट दारात काढून आत आले. मिस्त्रीने कामाच्या फळीवरच्या वस्तू बाजूला करून त्यांना बसायला जागा दिली. डॉक्टरांनी मावशी म्हणायला सुरुवात केली आणि मधेच थांबले, मग ताई म्हणाले. चौथा हिस्सा देतो, असं त्यांनी सुचवलं. तिने अर्धा मागितला. डॉक्टर म्हणाले, जमीन तर माझी आहे. ती म्हणाली, जमीन तुमची आणि माती माझी, म्हणून तर अर्धा. नाहीतर जास्त मागितलं असतं. सून दाराआडून ऐकत होती. डॉक्टरांनी हातातल्या कागदावर आकडेमोड केली आणि मान्य केलं. खालच्या दराच्या सगळ्यापेक्षा वरच्या दराचा अर्धा जास्त होत होता, हा हिशेब त्यांना आला होता.

पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी घरात सगळे खूश होते. मुलाने आईच्या पाठीवर थाप मारली. ती एकटी फुरंगटून बसली. नवऱ्याने विचारलं, आता काय झालं? ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा काही न पिकवल्याचे पैसे आले. हातात घेतले तर हात धुवावेसे वाटतात."

"मग परत दे."

"परत का देऊ? माझेच आहेत."

मिस्त्री हसला. पण त्यालाही कळलं, की हा राग पैशाने उतरायचा नाही.

आणि त्यातच तिला दुसरी गोष्ट कळली. परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीत होती. ज्यांनी आधीच पट्ट्या देऊन टाकल्या होत्या, त्यांना ते लागू नव्हतं. शिट्टीला काही मिळणार नव्हतं. तो त्याच्याच शेतात मजुरीवर गवत कापत होता, आणि दुकानदार सगळं अनुदान घेत होता, शिट्टीच्या पट्ट्यांवर, वरच्या दराने.

खमकी त्याच्या घरी गेली. या वेळी दारात थांबली नाही, सरळ आत गेली. खाटेवर त्याची बायको होती, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेली. ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते तरी नीट चालता येत नव्हतं. उचल कशाला घेतली होती ते भिंतीवर टांगलेल्या औषधांच्या पिशवीवरून दिसत होतं. खमकी खाटेच्या कडेला बसली. तिला मोठमोठ्याने बोलायची सवय, हळू कसं बोलायचं ते तिला येईना.

"मी तुला रस्त्यावर बोलले," ती शिट्टीला म्हणाली. "राग होता तो खरा होता. पत्ता चुकला."

शिट्टी म्हणाला, वहिनी, झालं ते झालं. त्याच्या बायकोने मात्र तोंड भिंतीकडे वळवलं. तिला तेवढं पुरेसं नव्हतं, आणि खमकीला ते पटलं. तीही त्या जागी असती तर वळली असती.

हप्त्याच्या पैशांतून खमकीने दुसरा तुकडा खंडाने घेतला. वीटभट्टीच्या मागची जमीन, विटांच्या तुकड्यांनी भरलेली. मालकीण भट्टीवाल्याची विधवा. तिच्याशी करार करायचा तो या वेळी लेखी, असं खमकीने आधीच सांगितलं. त्यात एक कलम तिने स्वतः सांगून लिहवून घेतलं, की या जमिनीवर सरकारकडून कोणत्याही नावाने पैसे आले, पिकवल्याचे असोत नाहीतर न पिकवल्याचे, तर कसणाऱ्याचा अर्धा. मालकीण म्हणाली, बाई, इथे विटांशिवाय काय पिकणार? खमकी म्हणाली, तीन वर्षांनी बोलू. भागीदार म्हणून तिने शिट्टीचं नाव घातलं. तो तयार व्हायला दोन दिवस लागले, आणि बायकोला विचारून आला.

विटांचे तुकडे वेचता वेचता तिच्या बोटांना पुन्हा चिरा पडल्या. पन्नाशी उलटलेली, पाठ पूर्वीसारखी राहिली नव्हती. पहिल्या हंगामाची गाजरं निघाली ती वेडीवाकडी, कुणाला दोन पाय, कुणाला तीन. व्यापाऱ्याने अर्धी बाजूला काढली. तिने ती पोत्यात भरून घरी आणली आणि सुनेला म्हणाली, किसून टाक, किसात पाय दिसत नाहीत.

आधी पट्ट्या दिलेल्या माणसांसाठी तिने हरकत लिहून दिली. त्यावर काही आलं नाही, म्हणून पुन्हा दिली. अधिकारी बाईंनी ती दोन्ही वेळा वर पाठवली आणि मग त्यांची बदली झाली. खमकीला बाईंचं वाईट वाटलं. त्या वेळी हरकत हा शब्द त्यांनीच सांगितला नसता तर ती अजून धुमसतच बसली असती.

नवे साहेब रुजू झाले त्याच आठवड्यात ती कार्यालयात गेली. टेबल तेच, ढीग तोच, भिंतीवरचं चित्र कोणीतरी काढून नेलं होतं आणि तिथे नुसते खिळे राहिले होते. साहेब तरुण होते, घाईत होते. त्यांनी फाइल शोधली, सापडली नाही.

"कुठलं प्रकरण म्हणालात, काकू?"

तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, टेबलाच्या अगदी समोर ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.